टेबल चार बोटं वर

मालन सिस्टर, भांडण अर्धं टाकून गेलात. हे काही बरं केलं नाहीत. बोलायची पाळी माझी होती.

त्या भांडणातलं तुमचं शेवटचं वाक्य माझ्याकडं तसंच पडून आहे आणि गेले वीस-बावीस दिवस मी त्याला उत्तरं देत फिरतेय. कऱ्हाडहून सांगलीला येताना एसटीत देते. आष्ट्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकली की जरा मोठ्यानं देते. परवा वर्गात फळ्यावर आकृती काढता काढता काहीतरी पुटपुटले असणार. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, काय म्हणालात?" मी तिच्यावरच खेकसले. मी तापट आहे हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याइतका माझा ताप कुणी सोसला नाही, आणि तुमच्याइतका कुणी उलटूनही दिला नाही.

तुम्ही सांगलीच्या त्या इस्पितळात सव्वीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलाशी उभ्या राहिलात. डॉक्टरांनी न बघता हात पुढं करायचा आणि मागायच्या आत हवं ते अवजार त्या हातात पडायचं. मी कऱ्हाडच्या इंजिनीअरिंग कॉलेजात यंत्ररचना शिकवणारी बाई. चार-पाच तास वाकून, हात अधांतरी धरून सर्जन लोकांचे खांदे आणि पाठ कामातून जातात, म्हणून आम्ही अंगावर चढवायचा एक सापळा करत होतो. गाऊनच्या आत घालायचा, हाताचं वजन स्प्रिंगांनी उचलून कमरेवर टाकायचा. आमच्या कागदात त्याचं नाव एक्सोस्केलेटन. तुम्ही पहिल्या दिवशीच त्याला 'सांगाडा' म्हणालात आणि महिन्याभरात आमच्या प्रयोगशाळेतही सगळे सांगाडाच म्हणायला लागले.

त्या पहिल्या दिवसाची आठवण झाली की मला अजून घाम फुटतो. मी मोठ्या ऐटीत वही घेऊन आत आले आणि थिएटरच्या दारातल्या लाल पट्टीवर पाय ठेवला.

"आवं मॅडम! त्या पट्टीच्या पल्याडच थांबायचं. चपला कुठल्या ह्या?"

चपला बदलल्या, टोपी घातली, तोंड बांधलं. आत आले आणि ट्रॉलीवरचं हिरवं कापड किती जाड आहे हे बघायला त्याला बोट लावलं. इंजिनीअरची सवय, दिसलं की चाचपायचं. तुम्ही तिकडून बघितलंत.

"हात लागला?"

"बोट. एकच."

"एक लागलं काय आन् दहा लागली काय."

आणि तुम्ही अख्खा ट्रे परत वाफेला पाठवलात. पेशंट बाहेर, डॉक्टर हात धुऊन कोपरं वर करून उभे, आणि सगळे माझ्याकडं बघतायत. तुम्ही एक शब्द जास्त बोलला नाहीत. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. केस आटपल्यावर चहाचे दोन कप घेऊन तुम्ही माझ्याशेजारी पायरीवर बसलात आणि म्हणालात, "रडू नगासा. माझ्या पयल्या दिवशी मी डॉक्टरांच्या नाकाचा घाम खुल्या हातानं पुसला हुता. त्यांनी मला तिथंच हाकललं." मग तुम्ही इतक्या हसलात की कपातला चहा साडीवर सांडला. आपली मैत्री त्या डागापासूनची.

पहिला सांगाडा फसला होता. डॉक्टरांनी तो चढवला, दोनदा हात हलवले आणि म्हणाले, "हे चिलखत घालून मी ऑपरेशन करू की लढाईला जाऊ?" खांद्यावरच्या बिजागऱ्या काचत होत्या, हात बाजूला गेला की स्प्रिंग खेचायची. मी तोंड पाडून व्हरांड्यात उभी. तुम्ही आलात, कोपऱ्यातली पोछ्याची काठी उचललीत, मानेमागं खांद्यांवर आडवी टाकलीत आणि तिच्यावरून दोन्ही हात मनगटापासून सैल सोडून उभ्या राहिलात.

"आमचा आबा असा उभा ऱ्हायचा," तुम्ही म्हणालात. "जतकडनं मेंढरं घिऊन निघाला की दिसदिसभर. हात दुकत न्हाईत बगा असं. तुमचं यंतर आमच्या आबानं कवाच काढलंय."

मी म्हटलं, "हलू नका." तुम्ही म्हणालात, "का वं?" मी म्हटलं, "हलू नका म्हणते ना!" आणि पट्टी काढून काठी कुठं टेकते, हात कुठून लोंबतो ते मोजायला लागले. तुम्ही काठीला हात टांगून अर्धा तास उभ्या. येणारे-जाणारे हसत होते. एका वॉर्डबॉयनं विचारलं, "सिस्टर, मेंढरं कुठं गेली?" तुम्ही माझ्याकडं हनुवटीनं दाखवून म्हणालात, "ही काय एक हाय."

दुसऱ्या सांगाड्यात आम्ही पाठीवर आडवा दांडा घातला. भार खांद्याच्या टोकावरून त्या दांड्यावर आला आणि काचायचं थांबलं. लेखात मी त्याबद्दल काय लिहिलं माहितीये? 'प्रत्यक्ष निरीक्षणावरून'. तुमचं नाव नाही, आबांचं नाही, मेंढरांचं तर नाहीच. तुम्ही कधी विचारलंही नाहीत. मला मात्र आता ते दोन शब्द वाचवत नाहीत.

त्यानंतर सगळं मनासारखं होत गेलं आणि तिथंच माझी चूक झाली. सांगाड्याच्या स्प्रिंगा कोपर जरा वर असलं तरच भार उचलायच्या. डॉक्टरांचे हात नेहमी त्याच्या खालीच असायचे. मीच तोडगा काढला. "टेबल चार बोटं वर घ्या," मी म्हटलं. झालं! त्या दिवशी पाच तासांची केस करून डॉक्टर बाहेर आले आणि हात गोल फिरवून दाखवत म्हणाले, "आज घरी जाऊन जेवताना घास सांडणार नाही." आम्ही पेढे वाटले. पहिला तुम्हाला दिला.

थिएटरची रीत तुम्हीच मला शिकवली होती. टेबलाची उंची डॉक्टरांच्या उंचीवर ठरते आणि बाकीच्यांनी आपापलं बघायचं. तुम्ही पाच फूटही नव्हतात. टेबल चार बोटं वर गेल्यावर तुम्हाला अवजार द्यायला हात खांद्याच्या वर न्यावा लागायला लागला. स्टीलची एक पायरी होती, पण तिच्यावर चढलं की ट्रॉलीला वाकावं लागायचं, आणि अंगावर गाऊन असताना दर मिनिटाला चढउतार करता येत नाही. तुम्ही पायरी पायानं मागं सारलीत आणि खालीच उभ्या राहिलात. मी काचेतून बघत होते. मला दिसलं होतं, सिस्टर. दिसलं, आणि मी डॉक्टरांच्या कोपराकडं बघत राहिले, कारण मोजायचं ते होतं.

दर तासाला तुम्ही विचारायचात, "डॉक्टर, खांदा किती?" एक म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. डॉक्टर मान न उचलता म्हणायचे, "तीन." तुमचे हात निर्जंतुक, तुम्हाला पेन धरता येत नाही, म्हणून तुमच्या हाताखालची सुवर्णा कागदावर तीनवर गोल करायची. कितीतरी केसेसचे असे कागद माझ्या कपाटात आहेत. त्यांतला प्रत्येक प्रश्न तुमच्या तोंडचा आहे. उत्तर एकही तुमचं नाही.

आणि मग ती दुपार. लांबलेली केस संपली होती. तुम्ही चहाच्या खोलीत स्टुलावर बसून खांदा चोळत होतात. मी आनंदात होते, कागद चाळत होते.

"मॅडम, माझं बी लिवा की त्यात," तुम्ही म्हणालात. "हात लय भरून येतोय. टेबल वर केल्यापास्नं."

खरंतर मी तिथंच कागद खाली ठेवायला हवे होते. मी काय म्हटलं? "सिस्टर, प्रकल्प सर्जनसाठी मंजूर झालाय. मधेच दुसऱ्यांची नोंद घातली तर आकडे बिघडतील."

"आकडं बिघडतील. आन् खांदा बिघडला त्यो?"

"पुढच्या टप्प्यात घेऊ ना तुम्हाला."

"कवा? मी रिटायर झाल्यावर?"

माझं डोकं सटकलं. अहवाल तीन आठवड्यांवर, विभागप्रमुख मागं लागलेले, आणि इथं तुम्ही हे काढलंत. मी म्हटलं, "अहो, कापायचं-शिवायचं काम त्यांचं आहे. तुम्ही फक्त हातात देता. दोन्हीची बरोबरी कशी करायची?"

'फक्त.' हा शब्द मी वापरला. ज्या बाईनं मला थिएटरात कुठं उभं राहायचं ते शिकवलं तिला मी 'फक्त' म्हटलं. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

तुम्ही चिडला नाहीत. चिडला असतात तर मला सोपं गेलं असतं. कप विसळून पालथा घातलात, टोपी नीट केलीत आणि दारात थांबून म्हणालात, "बरं. मग माझा आकडा कुणाच्या कागदात बसतोय, तेवढं सांगा."

त्यानंतर आपण कामापुरतं बोललो. 'सांगाडा घट्ट झालाय का बघा.' 'केस उद्या हाय.' मला वाटत होतं, एक दिवस जिन्यात चहा घेऊन बसू आणि मिटवू. आपली भांडणं तिथंच मिटायची. माझ्या पिशवीत तुमच्यासाठी कऱ्हाडहून आणलेला लाल पेरूसुद्धा होता. तो पिशवीतच मऊ पडला. रविवारी सकाळी भाकरी थापता थापता तुम्ही दम लागला म्हणून बसलात आणि उठलाच नाहीत. सुवर्णाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, केस पुढं ढकलली असेल.

तेराव्याला तुमच्या घरी आले. तुमची रूपाली मला बघून बिलगली. "आई तुमचं लय कौतुक करायची," म्हणाली. "म्हणायची, आमच्या मॅडमच्या यंत्रानं डॉक्टरांचा हात थरथरायचा थांबला." भांडण झाल्यावरही म्हणत होतात का हो हे? तिला विचारायचं धाडस झालं नाही.

मग तिनं मला बाजूला घेतलं. "मॅडम, एक काम होतं. आईचा हात दुखायचा ना, तो कधीपासून आणि कसा, हे मृत्यूचा दाखला देणारे डॉक्टर विचारत होते. आम्हाला ती काही सांगायचीच नाही. कामानं भरलाय म्हणायची. तुमच्याकडं असंल की लिहिलेलं. तुम्ही सगळ्यांचं दुखणं लिहून घेता ना?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागले.

"डावा हात," रूपाली म्हणाली. "पार जबड्यापर्यंत कळ यायची तिला."

सिस्टर, अवजार तुम्ही उजव्या हातानं देता. वर जाणारा हात उजवा. मी यंत्ररचना शिकवते, कुठल्या सांध्यावर किती ताण येतो हे डोळे मिटून सांगते, आणि त्या दुपारी माझ्यासमोर तुम्ही डावा खांदा चोळत होतात हे मला तुमच्या तेराव्याला कळलं. तुम्हालाही टेबलच वाटलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या छातीच्या कळा ओळखणारी बाई, आजूबाजूला एवढे डॉक्टर, आणि सगळ्यांनी मिळून ते हृदयाचं दुखणं कामाच्या खात्यात ढकललं. आमच्या त्या कागदावर पहिल्याच्या लगेच खाली दुसरा प्रश्न आहे, 'कोणती बाजू?' आणि तिसरा, 'कळ कुठवर जाते?' कुणी तुम्हाला ते एकदा विचारलं असतं तर सुवर्णाच्या हातातलं पेन तरी थबकलं असतं.

मी तिथून तडक आपल्या डॉक्टरांकडं गेले. त्यांना म्हटलं, सरळ सांगा, मी हे लिहून घेतलं असतं तर त्या वाचल्या असत्या का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित हो. कदाचित नाही." मला एक काहीतरी हवं होतं, हो तर हो, नाही तर नाही. हे 'कदाचित' घेऊन कुठं जाऊ? जेवताना ते समोर, एसटीत शेजारी. मग डॉक्टर स्वतःच्याच तळहाताकडं बघत म्हणाले, "मला त्यांचा हात फक्त मनगटापर्यंत माहीत होता हो."

दुसऱ्या दिवशी थिएटर रिकामं होतं. सुवर्णाला सांगून मी तुमच्या जागी उभी राहिले. टेबल चार बोटं वर घेतलं. तुमच्याएवढी होण्यासाठी गुडघे वाकवावे लागले. हात पुढं केला आणि धरला. किती वेळ टिकले ते सांगत नाही, तुम्ही हसाल. सुवर्णा बघत होती. म्हणाली, "मॅडम, सिस्टर डावा हात ट्रॉलीला टेकवून उभ्या राहायच्या शेवटी शेवटी. मला वाटलं, दमल्या." मी टेबल खाली घेतलं. ते आता खालीच आहे. डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं, दांड्याची स्प्रिंग बदला, टेबल वर जाणार नाही. म्हणजे सांगाडा पुन्हा पहिल्यापासून. चालेल. दांडा मात्र तोच राहणार, आबांचा.

विभागप्रमुखांशी माझं कडाक्याचं वाजलं. ते म्हणाले, "हे सगळं 'पुढील काम' या मथळ्याखाली दोन ओळींत टाका. अहवाल चांगला आलाय, कशाला हात लावता?" पुढील काम! पुढचा टप्पा! माझेच शब्द मला ऐकवत होते. मी म्हटलं, सर, आमचा सांगाडा यशस्वी झाला तो एका बाईच्या खांद्यावर उभा राहून. हे पहिल्या पानावर जाणार, नाहीतर माझं नाव काढा. दार आपटून बाहेर आले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मॅडम, दार काय इस्पितळाचं न्हवं, सावकाश." अहवाल गेला, पहिल्या पानासकट. लेखातून त्यात जसेच्या तसे आलेले 'प्रत्यक्ष निरीक्षणावरून' हे शब्द मी खोडले आणि तिथं तुमचं पूर्ण नाव लिहिलं, आबांची काठीही लिहिली. मंजुरी पुढं चालू राहील का माहीत नाही. राहिली नाही तर बघू.

हे सगळं मी तुम्हाला समाधानानं सांगतेय असं समजू नका. मला बरं वाटत नाहीये. तुम्ही तेव्हा 'लिवा' म्हणालात आणि मी आत्ता लिहिलं, यात कसलं बरं वाटून घ्यायचं? मला तुमच्यावरही राग आहे. डॉक्टरांना एका शब्दानं बोलला असतात. नुसतं 'टेबल खाली घ्या' म्हणाला असतात. एका बोटासाठी अख्खा ट्रे फिरवणारी बाई स्वतःच्या हातासाठी एवढी गप्प कशी बसली? यावर आपलं भांडण झालं असतं, आणि या वेळी मी बरोबर असते.

काल नवीन कागद घेऊन सांगलीला आले. आता टेबलाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकासाठी एक कागद आहे. तुमच्या जागी सुवर्णा उभी राहते. पहिलीच मोठी केस, डॉक्टरांचा हात पुढं आला, तिनं अवजार दिलं. थोडं हळू दिलं, पण दिलं. मी पट्टीच्या पल्याड, टोपी घालून, तोंड बांधून, कशालाही बोट न लावता उभी होते. तास झाला. आता कागद भरायला ठेवलेली मुलगी पेन घेऊन तयार होती. डॉक्टर सवयीनं म्हणाले, "दोन."

मी म्हटलं, "तुमचं झालं. सिस्टर, खांदा किती? कोणती बाजू?"

सुवर्णा माझ्याकडं बघत राहिली. मग मान वळवून तिनं मागं बघितलं, मी कुणाला विचारतेय ते.

मागं कुणी नव्हतं, सिस्टर.